पेशींचा थर पिकत जातो तशी ई-कॅडहेरिन, झेडओ-१ आणि बाकीची चिकटवणारी प्रोटीन कशी वागतात, ते टप्प्याटप्प्याने कसं बघायचं

माझे तीन महिने एका चुकीत गेले, तेच तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कंपाउंडचा ई-कॅडहेरिनवर, म्हणजे शेजारी पेशींना जोडणाऱ्या एका प्रोटीनवर, काय परिणाम होतो ते बघत होते. कंट्रोलची प्लेट सोमवारी लावलेली, सेल कमी पडल्या म्हणून ट्रीटमेंटची प्लेट गुरुवारी लावली, आणि दोन्ही प्लेटी पुढच्या आठवड्यात एकाच दिवशी काढल्या. ट्रीटमेंटमधे ट्रायटन या डिटर्जंटमधे न विरघळणारं ई-कॅडहेरिन कमी दिसलं, मी खूश, तीनदा रिपीट केलं, तिन्ही वेळा सोमवार-गुरुवारच केलं कारण तसाच प्रोटोकॉल वहीत लिहून ठेवला होता. मग एका सीनियरने विचारलं, दोन्हीचं वय सारखं आहे ना गं? नव्हतं. एकाच वयाच्या प्लेटी लावल्यावर फरक जवळजवळ गायबच झाला. कंपाउंडने काही केलं नव्हतं, कंट्रोलचा थर तीन दिवसांनी जुना होता एवढंच.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे, की एपिथेलियल पेशींच्या (शरीराचे पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींच्या) थराला वय असतं आणि चिकटवणारी प्रोटीन त्या वयाप्रमाणे वागतात. प्रोटीन आहे की नाही एवढ्यावर भागत नाही. कुठे आहे, किती घट्ट धरून बसलंय आणि ओढल्यावर किती टिकतं असे तीन प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक उत्तरापुढे तास किंवा दिवस लिहायचा. इथे गोव्यात ताळगाव-बांबोळीकडे एमएससीची मुलं डिझर्टेशनला येतात, त्यांच्या हातात चार-पाच महिने असतात, तेवढ्यात होईल असा क्रम खाली देतेय.

आधी कोण कुठे असतं ते

चोडणला माझ्या मामांच्या घरामागे खाजन आहे, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. पावसाआधी बांध दुरुस्त करतात ते लहानपणापासून बघतेय. ताजा चिखल, दगड, पेंढा घालून बांध उभा राहतो पण पहिले काही दिवस त्याच्यावरून चालायला देत नाहीत, आणि तोच बांध नीट बसला की भरतीला पुरून उरतो. बांधाला मानस म्हणजे पाण्याचं दार असतं, तिच्यातून पाणी आत-बाहेर जातं पण ठरलेल्या वाटेने. पेशींच्या थराचं मला कायम तसंच वाटत आलंय.

दोन शेजारी पेशींच्या मधे, वरच्या टोकाला टाइट जंक्शन असतं, त्याच्या लगेच खाली ॲडहेरन्स जंक्शन, त्याखाली ठिकठिकाणी डेस्मोसोम. हा तिहेरी क्रम १९६३ मधे फारकर आणि पलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नीट मांडला. ॲडहेरन्स जंक्शनमधे ई-कॅडहेरिन. याचे बाहेरचे पाच तुकडे एकापुढे एक असतात आणि त्यांच्या सांध्यांमधे कॅल्शियम बसलं तरच ते ताठ उभं राहतं, कॅल्शियम काढलं की लुळं पडतं. आतल्या बाजूला त्याला पी१२० आणि बीटा-कॅटेनिन धरतात, बीटा-कॅटेनिनला अल्फा-कॅटेनिन धरतं आणि अल्फा-कॅटेनिन ॲक्टिनला, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या धाग्यांना. कॅल्शियमवर चालणारा हा चिकटपणा वेगळा आहे हे क्योतोमधे मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मधे दाखवलं, आणि १९८७ मधे त्यांच्याच लॅबने ज्या एल-सेल एकमेकींना धरतच नाहीत त्यांच्यात ई-कॅडहेरिनचा सीडीएनए घालून त्यांना गठ्ठ्यात आणलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण एका जीनने एवढं होतं हे त्यात स्पष्ट दिसतं.

टाइट जंक्शनमधली झेडओ-१, ऑक्लुडिन आणि क्लॉडिन ही अनुक्रमे १९८६, १९९३ आणि १९९८ मधे सापडली, शेवटची दोन शोइचिरो त्सुकिता यांच्या लॅबमधून. क्लॉडिन एक नाही, कुटुंब आहे. त्यातली काही बांध घट्ट करतात आणि क्लॉडिन-२ सारखी मानशीचं काम करतात, सोडियमसारखे छोटे धन आयन आणि पाणी जाऊ देतात. डेस्मोसोममधे डेस्मोग्लेइन आणि डेस्मोकोलिन, म्हणजे कॅडहेरिनचीच भावंडं, पण ती आतून केराटिनच्या धाग्यांना बांधलेली. खाली तळाला इंटेग्रिन. इंटेग्रिनचं वेगळं लिहावं लागेल, इथे शेजारी-शेजारी पेशींपुरतंच बोलू.

सेल कुठली घ्यायची

पहिल्यांदा करताय तर एमडीसीके-२ घ्या. कुत्र्याच्या किडनीतून १९५८ मधे मॅडिन आणि डार्बी यांनी काढलेली लाइन, स्वस्त, भराभर वाढणारी, आणि जंक्शनवरचं अर्धं जग हिच्यावरच उभं आहे. एमडीसीके-१ आणि एमडीसीके-२ मात्र एक समजू नका. एमडीसीके-२ चा विद्युत रोध साधारण शंभर ओहम-चौरस सेंटिमीटरच्या आसपास घुटमळतो, एमडीसीके-१ चा हजारांमधे जातो, आणि याचं मोठं कारण क्लॉडिन-२ आहे, ते २ मधे असतं आणि १ मधे नसतं. २००१ मधे त्सुकितांच्या लॅबने एमडीसीके-१ मधे क्लॉडिन-२ घातलं तर रोध धाडकन खाली आला. तेव्हा नुसतं एमडीसीके असं लिहिलेली व्हायल कुणी दिली तर आधी रोध मोजून बघा कुठली आहे.

कॅको-२ पण चांगली, माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरमधून आलेली, पण ती पिकायला कॉन्फ्लुअंट झाल्यावर (पेशींनी सगळी जागा भरल्यावर) २१ दिवस घेते. दर दोन दिवसांनी मीडियम बदलायचं म्हणजे २१ दिवसांत दहा फेऱ्या, आणि त्यात गणपतीची चवथ आली की काम संपलं, घरी जाणार का लॅबला येणार? मी एकदा चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने येऊन मीडियम बदलून परत गेलेय. कॅको-२ करायचीच असेल तर आधी कॅलेंडर उघडा, मग फ्लास्क.

एक अगदी साधी गोष्ट पण खूप जण चुकतात. मीडियममधलं कॅल्शियम बघा. डीएमईएममधे १.८ मिलिमोलर असतं, आरपीएमआय-१६४० मधे जेमतेम ०.४२. एका लॅबने आरपीएमआयमधे वाढवलेल्या सेल आणि दुसऱ्या लॅबने डीएमईएममधे वाढवलेल्या सेल यांच्या जंक्शनची तुलना करताना हे आधी लिहून घ्या.

थर लावणं

वय मोजायचं तर सगळ्या पेशींचं शून्य एकच हवं. विरळ लावून वाढू दिल्या तर काही पेशी मंगळवारी शेजारणीला भेटतात काही गुरुवारी, आणि मग तुमच्या एका प्लेटीत चार वयं असतात. म्हणून पहिल्यापासूनच दाट लावायच्या, एका चौरस सेंटिमीटरला दोन ते तीन लाख सेल, की चिकटल्या चिकटल्या कॉन्फ्लुअंट. १२ मिलिमीटरच्या इन्सर्टला (बारीक भोकांच्या तळाची, प्लेटीत टांगायची वाटी) १.१२ चौरस सेंटिमीटर जागा असते, तिथे तीन लाख पुरतात. ०.४ मायक्रॉन भोकाचे इन्सर्ट घ्या, आणि मायक्रोस्कोपीला पॉलिएस्टरचे पारदर्शक बरे पडतात. काचेच्या कव्हरस्लिपवरही चालतं पण तिथे पेशींना खालून खायला मिळत नाही, त्या बुटक्याच राहतात, आणि वर-खाली क्रम नीट लागलाय का हे बघायचं असेल तर उंच पेशीच हव्यात.

ट्रिप्सिनबद्दल जरा थांबते. ट्रिप्सिन-ईडीटीएने (प्रोटीन कापणारं एन्झाइम आणि कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) सेल सोडवताना कॅल्शियम काढलेलं असतं, आणि कॅल्शियम नसताना ट्रिप्सिन ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कापून टाकतं. कॅल्शियम असताना मात्र तोच भाग ट्रिप्सिनला दाद देत नाही, ताकेइचींनी कॅडहेरिन वेगळं ओळखलं ते याच फरकावरून. तेव्हा ताज्या सोडवलेल्या सेलना पृष्ठभागावर नवं ई-कॅडहेरिन आणायला काही तास द्यावे लागतात, लगेच काढून वेस्टर्न ब्लॉट केला (प्रोटीन जेलवर वेगळी करून अँटिबॉडीने शोधली) तर कापलेला तुकडा किंवा रिकामी लेन दिसणार आणि तुम्ही अँटिबॉडीला दोष देणार. आणि हो, जुना थर ट्रिप्सिनला लवकर सुटत नाही. दोन दिवसांची एमडीसीके पाच-सात मिनिटांत सुटते, आठवड्याची वीस मिनिटं घेऊनही चादरीसारखी निघते. हेसुद्धा निरीक्षणच आहे, वहीत लिहा.

कॅल्शियम स्विच, म्हणजे घड्याळ शून्यावर आणणं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवलाय आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून सावकाश सांगते.

सेल नेहमीच्या मीडियममधे दाट लावा, दोन-तीन तास खाली चिकटू द्या. मग कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (खारट बफरने) तीनदा धुवा, हलक्या हाताने, पिपेट कडेला लावून. मग लो-कॅल्शियम मीडियम, ज्यात कॅल्शियम ५ मायक्रोमोलरच्या खाली हवं, रात्रभर. सकाळी बघाल तर पेशी खाली चिकटलेल्या पण गोल गोल, एकमेकींना न धरता शेजारी बसलेल्या, मधे फटी. हे दिसलं की समजा जमलं. पेशी सपाट आणि एकमेकींना चिकटलेल्याच दिसल्या तर कुठून तरी कॅल्शियम घुसलंय.

कुठून घुसतं? नव्वद टक्के वेळा सीरममधून. एफबीएसमधेच, म्हणजे वासराच्या सीरममधेच, ३ ते ४ मिलिमोलर कॅल्शियम असतं, १० टक्के सीरम घातलं की ०.३ मिलिमोलरच्या वर गेलात, मग मीडियमच्या बाटलीवर काय लिहिलंय त्याला अर्थ उरत नाही. सीरम डायलाइझ केलेलं घ्या किंवा चेलेक्स रेझिनवरून काढा, आणि ५ टक्क्यांवर आणा. दुसरी वाट म्हणजे काचसामान. नळाच्या पाण्याने विसळलेली बाटली नको, लो-कॅल्शियमचं सगळं काम प्लास्टिकमधे करा आणि त्या बाटल्या वेगळ्या ठेवा, वर मार्करने मोठ्ठं लिहा, कारण लॅबमधे कोणीतरी बाटली उचलून नेतंच.

रात्रभरापेक्षा जास्त ठेवू नका, पेशी सुटायला लागतात. ज्यांना घाई आहे ते आधीच पिकलेल्या थरावर ४ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालून अर्ध्या तासात जंक्शन मोडतात आणि मग धुऊन नेहमीचं मीडियम देतात. हे चालतं, पण तो वेगळा प्रयोग आहे. रात्रभर लो-कॅल्शियममधे ठेवलेली पेशी पहिल्यांदा शेजारीण शोधत असते, ईजीटीएवाली पेशी मोडलेलं परत जोडत असते, तिच्याकडे सगळं सामान तयार असतं. दोन्हींचे तास एका ग्राफवर टाकू नका.

मग स्विच. जुनं मीडियम पूर्ण काढून १.८ मिलिमोलरवालं ३७ अंशाला गरम केलेलं मीडियम द्या. वरून कॅल्शियम क्लोराइडचा दाट थेंब टाकायचा मोह होतो, नको, फॉस्फेटबरोबर पांढरा साका बसतो आणि एका जागी जास्त एका जागी कमी असं होतं. मीडियम दिलं ती मिनिटं लिहा. हे तुमचं शून्य.

कधी काढायचं आणि काय दिसतं

मी ० मिनिट, १५ मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, ३ तास, ६ तास, २४ तास आणि मग ३, ५, ७, १० दिवस अशा प्लेटी लावते. सगळ्या एकदम लावून वेगवेगळ्या वेळी काढायच्या. माझ्यासारखं वेगवेगळ्या दिवशी लावून एकदम काढायच्या नाहीत, निदान तरुण वयांसाठी तरी नाहीत.

पहिल्या काही मिनिटांतच पेशी बोटं पुढे काढतात, पातळ पडदे शेजारणीच्या अंगावर टाकतात, आणि जिथे शिवतात तिथे ई-कॅडहेरिनचे ठिपके जमतात. या ठिपक्यांत सुरुवातीला झेडओ-१ पण असतं! पाठ्यपुस्तकात झेडओ-१ टाइट जंक्शनचं म्हणून शिकलेलं असतं त्यामुळे १५-३० मिनिटांच्या स्लाइडवर ते ई-कॅडहेरिनच्या बरोबर एकाच ठिपक्यात बघून मुलं म्हणतात स्टेनिंग चुकलं. चुकलेलं नाही. ते एकत्रच सुरू होतात, वेगळे नंतर होतात.

मग ठिपके वाढतात, एकमेकांना मिळतात, आणि स्पर्शाच्या दोन टोकांना मोठे पट्टे तयार होतात. १९९८ मधे स्टॅनफर्डच्या जेम्स नेल्सन यांच्या लॅबने जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावलेलं ई-कॅडहेरिन जिवंत एमडीसीकेमधे बघून हाच क्रम दाखवला, आधी ठिपके, मग पट्टे, मग पेशी एकमेकींवर घट्ट दाबून बसणं. साधारण तीन तासांच्या आसपास बहुतेक सीमा सलग दिसायला लागतात पण रेघ अजून नागमोडी आणि जाड असते. ऑक्लुडिन झेडओ-१ च्या मागून येतं. २४ तासांना झेडओ-१ आणि ऑक्लुडिनची रेघ वरच्या टोकाला बारीक, तारेसारखी झालेली असते आणि ई-कॅडहेरिन तिच्या खाली बाजूच्या पूर्ण भिंतीवर पसरलेलं.

पुढचे दिवस लोक बघतच नाहीत, आणि खरी गंमत तिथे आहे. ३ ते ५ दिवसांत पेशी उंच होतात, बाजूची भिंत वाढते, त्यामुळे ई-कॅडहेरिन एकूण वाढलेलं दिसतं पण भिंतीच्या दर मायक्रॉनला मोजलं तर फरक तेवढा नसतो. वरून काढलेल्या फोटोत तर उलट रेघ बारीक होत गेलेली दिसते आणि वाटतं प्रोटीन कमी झालं. तेव्हा वरून एक फोटो काढून निष्कर्ष काढू नका, झेड-स्टॅक घ्या, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकेक पातळीचे फोटो, ०.३ ते ०.५ मायक्रॉनच्या पायरीने, आणि उभा काप बघा.

अल्फा-कॅटेनिनचीही एक गोष्ट याच काळातली. ॲक्टिनने ओढ दिली की ते उघडतं आणि विन्क्युलिनला धरतं, हे २०१० मधे योनेमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. नवीन जंक्शनवर ओढाताण जास्त असते तिथे विन्क्युलिन चांगलं दिसतं. त्यामुळे विन्क्युलिन हा ओढ किती आहे त्याचा अंदाज घ्यायला सोपा मार्कर आहे आणि अँटिबॉडीही स्वस्त मिळते.

स्टेनिंग

झेडओ-१ आणि ऑक्लुडिनला उणे २० अंशाचं मिथेनॉल, पाच ते दहा मिनिटं, छान निघतं. ई-कॅडहेरिनला ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड) पंधरा मिनिटं आणि ०.२ टक्के ट्रायटन. ॲक्टिन फॅलॉइडिनने (ॲक्टिनला चिकटणारं, रंग लावलेलं रसायन) बघायचा असेल तर मिथेनॉल चालत नाही, पीएफएच. फिक्स करण्याआधीची धुलाई कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या पीबीएसने करा, हे विसरलात तर १५ मिनिटांच्या नाजूक जंक्शन तुमच्या हातानेच मोडतील आणि १० दिवसांच्या तशाच राहतील, मग तुम्हाला वाटेल केवढा फरक आहे.

अँटिबॉडी कुत्र्याच्या प्रोटीनला धरते का ते डेटाशीटवर बघा, माणसाच्या ई-कॅडहेरिनसाठीची प्रत्येक अँटिबॉडी एमडीसीकेवर चालेल असं नाही. आणि जुन्या उंच थरात अँटिबॉडी खालपर्यंत पोचत नाही, म्हणून ७ आणि १० दिवसांच्या नमुन्यांना ट्रायटन आणि अँटिबॉडी दोन्हीचा वेळ वाढवा, पण मग तोच वाढवलेला वेळ १ तासाच्या नमुन्यालाही द्या.

रोध मोजणं

टाइट जंक्शन दिसतं म्हणजे ते अडवतं असं नाही, म्हणून टीईईआर, म्हणजे थराच्या आरपारचा विद्युत रोध, मोजायचा. दोन काड्यांचा इलेक्ट्रोड असतो, एक इन्सर्टच्या आत एक बाहेर. रिकाम्या इन्सर्टचा आकडा वजा करायचा आणि क्षेत्रफळाने गुणायचं. समजा नमुना १९० ओहम, रिकामा ११०, फरक ८०, गुणिले १.१२, उत्तर साधारण ९० ओहम-चौरस सेंटिमीटर. क्षेत्रफळाने भागणारे बरेच भेटतात, भागायचं नाही, गुणायचं.

तापमानाने आकडा हलतो. इन्क्युबेटरमधून काढून एसीच्या हुडमधे ठेवलं की थंड होता होता रोध चढतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात एसी १८ वर असतो. सगळ्या प्लेटी पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवून एकाच तापमानाला मोजा. इलेक्ट्रोड एका कोनात, एका खोलीवर, प्रत्येक इन्सर्टला तीन जागी. एमडीसीके-२ मधे पहिल्या एक-दोन दिवसांत रोध उंच उडी मारून परत खाली येऊन स्थिरावलेला दिसतो, तो थर बिघडला असं समजून टाकू नका, पुढे मोजत राहा. आणि रोध हा मानशीतून किती आयन जातात तेवढंच सांगतो, मोठे रेणू जातात का बघायला ४ किलोडाल्टनचं फ्लुरोसंट डेक्स्ट्रान वर घालून खाली किती येतं ते वेगळं मोजा. दोन्ही आकडे हातात असले की बांध गळतोय का मानसच मोठी आहे ते कळतं.

ट्रायटनने वेगळं करणं

किती घट्ट धरलंय याचं सगळ्यात सोपं उत्तर. पेशी बर्फावर, ०.५ टक्के ट्रायटन, १० मिलिमोलर पाइप्स पीएच ६.८, ५० मिलिमोलर मीठ, ३०० मिलिमोलर साखर म्हणजे सुक्रोज, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, वर प्रोटिएज इनहिबिटर. १० मिनिटं रॉकरवर ४ अंशाला. जे सुटून वर येतं ते विरघळणारं. खाली उरतं ते एसडीएसमधे खरवडून घ्यायचं, ते ॲक्टिनला बांधलेलं. दोन्ही एकाच आकारमानाला आणून जेलवर शेजारी-शेजारी. ई-कॅडहेरिन साधारण १२० किलोडाल्टनला, कधी वर १३५ ला पिल्लू बँड दिसतो तो अजून न कापलेला प्रीकर्सर. बीटा-कॅटेनिन ९२ ला. झेडओ-१ थेट २२० च्या आसपास, त्याला ६ टक्के जेल आणि रात्रभराचा ट्रान्सफर द्या.

० मिनिटाला बहुतेक ई-कॅडहेरिन विरघळणाऱ्या भागात असतं आणि थर जुना होत जातो तसं खालच्या भागातलं प्रमाण वाढतं. माझा तो सोमवार-गुरुवारचा फरक हाच होता. एकूण प्रोटीन तेवढंच असून हे प्रमाण बदलू शकतं, म्हणून नुसता होल-लायसेट ब्लॉट केलात तर काहीच घडलं नाही असं वाटेल. लोडिंग कंट्रोलला ॲक्टिन घेऊ नका, तोच या गोष्टीत सामील आहे, मेम्ब्रेनवर एकूण प्रोटीनचा रंग घ्या.

लाइव्ह मायक्रोस्कोप मिळत असेल तर जीएफपी-ई-कॅडहेरिनवर फ्रॅपही करता येतं, लेझरने छोटा तुकडा विझवायचा आणि शेजारून किती परत भरतो ते बघायचं. नवीन जंक्शन लवकर भरते, जुनी हळू आणि कमी. पण जीएफपीवालं प्रोटीन जास्त बनत असेल तर उगाच मोकळं फिरणारं जास्त दिसतं, त्यामुळे कमी व्यक्त होणारा क्लोन निवडा.

ओढून बघणं, माझा आवडता भाग

डिस्पेज नावाचं एन्झाइम पेशींना खालून सोडवतं पण शेजारणीपासून तोडत नाही. २.४ युनिट प्रति मिलिलिटर, ३७ अंशाला अर्धा तास, आणि पूर्ण थर चादरीसारखा तरंगायला लागतो. ती चादर ट्यूबमधे घेऊन ठरलेल्या वेळा उलटीपालटी करा, सगळ्यांना सारख्याच, मी ३० वेळा करते, आणि किती तुकडे झाले ते मोजा. जास्त तुकडे म्हणजे कमी ताकद. कॅमेऱ्याने फोटो काढून मोजा, डोळ्याने मोजताना माणूस स्वतःला हवं तेच मोजतो.

आता हाच प्रयोग थोडा वाढवा. चादर सुटल्यावर अर्ध्या नमुन्यांना ईजीटीए द्या. दोन दिवसांच्या थराचे तुकडे तुकडे होतील कारण सगळंच कॅल्शियमवर उभं आहे. आठवड्याच्या थरात मात्र ई-कॅडहेरिन सुटलं तरी चादर बरीच टिकते, कारण डेस्मोसोम आता कॅल्शियमशिवायही धरून राहतात. यालाच हायपरॲडहेशन म्हणतात, मँचेस्टरच्या डेव्हिड गॅरड यांच्या लॅबने एमडीसीकेवरच हे दाखवलं. तीच प्रोटीन, तेच डेस्मोसोम, फक्त वय वाढलंय. आणि अशा थराला ओरखडा मारला की जखमेच्या कडेपासून आतपर्यंत डेस्मोसोम पुन्हा कॅल्शियमवर अवलंबून होतात, पेशींना हलायची मोकळीक मिळावी म्हणून. मामा सांगतात बांधाला एका जागी भगदाड पडलं की दोन्ही बाजूंचा बराच भाग मऊ होतो, तेव्हा मला प्रत्येक वेळी हाच प्रयोग आठवतो.

त्वचेच्या पेशींवर काम करणाऱ्यांनी हे जरूर करा, केराटिनोसाइट ०.०५ मिलिमोलरच्या आसपास कॅल्शियमला वाढवून १.२ वर नेल्या की त्या पिकायला लागतात. त्वचेत तर वय उभं रचलेलं दिसतं, पी-कॅडहेरिन तळाच्या थरात, डेस्मोग्लेइन-३ खाली जास्त आणि डेस्मोग्लेइन-१ वर जास्त. पेम्फिगसमधे, म्हणजे त्वचेला फोड येणाऱ्या आजारात, शरीर याच दोन डेस्मोग्लेइनवर अँटिबॉडी काढतं, आणि फोड त्वचेत किती खोलवर येतो किंवा तोंडात येतो का हे कुठल्या डेस्मोग्लेइनवर हल्ला आहे यावर ठरतं. वॉर्डमधे असा पेशंट बघितला की एवढाले प्रोटोकॉल का करायचे हा प्रश्न मला कधी पडत नाही.

पावसाळा आणि वही

जून ते सप्टेंबर बुरशी. इन्क्युबेटरच्या पाण्याचा ट्रे दर आठवड्याला बदला, ओले रेनकोट कल्चर रूमच्या बाहेर. इन्सर्टवर दहा दिवसांचे प्रयोग शक्यतो नोव्हेंबरनंतर लावा, पावसात लहान वेळांचे करा. लाइट गेली आणि इन्क्युबेटर २-३ तास थंड राहिला तर ती प्लेट वयाच्या ग्राफमधून काढा, पेशी जिवंत दिसल्या तरी.

वहीत प्रत्येक नमुन्याला माझी ओळ अशी असते: एमडीसीके-२, पॅसेज १४, इन्सर्ट १.१२, सेल ३ लाख, लो-कॅल्शियम १६ तास, स्विच सकाळी ९.४०, फिक्स दुपारी १२.४०, वय ३ तास, रोध अमुक, सीरमचा लॉट अमुक, कोणी लावलं. पॅसेज म्हणजे सेल किती वेळा सोडवून पुन्हा लावल्या, २५ च्या पुढे मी जात नाही. ट्यूबवर नाव छोटं लिहिलं तरी चालेल, पण वय लिहाच, आणि दोन ट्यूब एका जेलवर लावायच्या आधी ते दोन आकडे जुळतायत का तेवढं बघा.